खो-खोतच राहू दे, की अकादमीत घालू?

मॅडम, नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. चौथीपासून खो-खो खेळते. शाळेचे सर सकाळी शाळेआधी आणि परत संध्याकाळी सराव घेतात. यंदा शाळेचा संघ विभागापर्यंत गेला. तिथे शहरातल्या एका निवासी अकादमीचे कोच आले होते. संघात सगळ्यांत उंच माझीच मुलगी, तिला बघून ते आपणहून आमच्याकडे आले. म्हणाले, पोरीत दम आहे, पण खो-खोत काही राहिलं नाही. आमच्याकडे द्या, धावण्यात घालतो, दोन वर्षांत राष्ट्रीयला नेतो. फी आणि होस्टेल मिळून वर्षाला एक लाख साठ हजार. मुलीच्या पप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढायचं मनात घेतलंय. सासूबाई म्हणतात, पोर आता शहाणी व्हायला आली, खेळ पुरे. शाळेचे सर म्हणतात पाठवू नका, पण ते आपला संघ मोडेल म्हणून बोलतात असं यांना वाटतं. मुलगी म्हणते, मी खो-खो सोडणार नाही. आणखी एक, महिना झाला तिचा उजवा गुडघा दुखतोय, वाटीच्या खाली. सामना असला की सांगत नाही. काय करू? आणि खरं सांगा, आमच्या या खेळाला पुढे काही आहे का? जाता जाता, मॅटवरचे शूज आत्ता घ्यावेत का? पाऊल वाढतंय.

– एक आई, धाराशिव जिल्हा

ताई,

अकादमीबद्दल तुम्ही दहा ओळी लिहिल्यात आणि गुडघ्याबद्दल दोन. मी उलट्या क्रमाने जाते. पण तुमच्या घरात रोज यावर बोलणं चालू असणार, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते: यंदा अकादमीत घालू नका. आणि कर्ज काढून तर कोणत्याच वर्षी नको.

आता गुडघा. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण अकरा ते तेरा या वयातला, मुलांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी. या काळात हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागून येतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला धरलेला असतो, आणि तिथलं हाड या वयात अजून कोवळं असतं. उडी, अचानक थांबणं, झटक्यात उठणं, सगळ्याचा ताण त्या एका जागेवर येतो. ती जागा दुखते, कधी तिथे टेंगूळ दिसतं. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. आता खो-खोत आपण काय करतो ते आठवा. पाटीवर, म्हणजे बसायच्या चौकोनात, दबून बसायचं, पाठीवर थाप आणि ‘खो’ आला की क्षणात सुटायचं, खांबापाशी वळायचं, सूर मारायचा. त्या कोवळ्या जागेला याहून जास्त त्रास देणारा खेळ शोधावा लागेल. तुमच्या मुलीला हेच झालंय असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. गुडघा सुजला असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखत असेल, ती लंगडत असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल तर याच आठवड्यात जा. वाढीचं दुखणं निघालं तर घाबरण्यासारखं नसतं. काही आठवडे उड्या आणि सूर बंद, मांडीचे स्नायू सैल करण्याचे आणि बळकट करण्याचे व्यायाम, आणि बहुतेकींचं वाढ पूर्ण झाल्यावर थांबतं. मात्र त्यावर वेदनाशामक गोळी देऊन सामन्याला उतरवू नका. कोणी स्प्रे मारून खेळवत असेल तर हात धरून थांबवा.

सरावाचे तासही मोजा. खेळाच्या दुखापती बघणारे डॉक्टर एक साधा ठोकताळा सांगतात: आठवड्यातले शिस्तीच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत. बारा वर्षांच्या मुलीला बारा तास. तुमच्याकडे सकाळी एक आणि संध्याकाळी दीड तास धरला तरी सहा दिवसांचे पंधरा होतात, सामने वेगळेच. शिवाय सकाळचा सराव म्हणजे पहाटे उठणं, आणि या वयाला नऊ तासांहून कमी झोप पुरत नाही. सरांशी बोलून सकाळचा सराव आठवड्यातून दोनच दिवस करा आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी तिने गल्लीत लगोरी खेळली तर खेळू दे. तो सराव नाही.

ती दुखणं का लपवते हे मात्र तुम्हाला आणि सरांना मिळून बघावं लागेल. दुखतंय म्हटलं की नऊ जणींतली जागा जाते, हे मुली फार लवकर शिकतात. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे की जी वेळेवर सांगेल तिची जागा तिचीच राहील. आणि एकदा खरोखर तसं वागून दाखवलं पाहिजे, नुसत्या सांगण्यावर मुली विश्वास ठेवत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं. पाळी येणं हे खेळ थांबवायचं कारण नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंगणवाडीत तुम्हीच इतर आयांना सांगत असाल. पण घरात सांगणं अवघड, कळतं मला. आजींना वाद घालून पटणार नाही. त्यांना कामाला लावा: नातीच्या खाण्याची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. खेळणाऱ्या मुलीला खाणं जास्त लागतं, आणि या वयात मुली दोन कारणांनी कमी खातात, एक वेळ नसतो म्हणून आणि दुसरं कोणीतरी ‘जाड झालीस’ म्हणतं म्हणून. दुसऱ्या कारणाकडे कान ठेवा, विशेषतः धावण्याच्या कोचकडून ते येतं तेव्हा. रक्त तपासून घ्या. आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेत मिळते ती ती खरंच गिळते की दप्तरात टाकते ते बघा. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं मागे-पुढे होणारच, पण नियमित झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे न्या. खेळणाऱ्या मुलींमध्ये ती खाणं कमी पडत असल्याची खूण असते, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. सरावाला येणाऱ्या मुलींना कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का, हेही शाळेत विचारा. माझ्या पाहण्यात कितीतरी मुलींनी खेळ सोडला तो आजीच्या बोलण्यामुळे नाही, अशी खोली नव्हती म्हणून.

आता अकादमी. कोचसाहेबांनी तुमची मुलगी निवडली ती उंची बघून, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांची नजर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बारा वर्षांच्या मुलींच्या संघात जी सगळ्यांत उंच असते ती बहुधा लवकर वाढलेली असते. आज तिचं पाऊल लांब पडतं, ताकद जास्त आहे, म्हणून ती पुढे आहे. चौदा-पंधराव्या वर्षी बाकीच्या तिला गाठतात. कदाचित ती तेव्हाही पुढे असेल, खरोखर गुणी असेल तर असेलच. पण ते आज कोणाला दिसत नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. वयोगटांचं हेच दुखणं आहे. १ जानेवारीची तारीख धरून गट पाडले की जानेवारीत जन्मलेली मुलगी डिसेंबरवालीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते आणि निवडणारे तिलाच ‘टॅलेंट’ म्हणतात. जगभर निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त आढळतात, ती यामुळे. डिसेंबरवाली तितकीच गुणी असली तरी दोनदा डावलली गेल्यावर खेळ सोडते. तुमच्या मुलीच्या संघात अशी एखादी बुटकी, चपळ, बाकावर बसणारी मुलगी असेल. सरांना तिच्याकडेही बघायला सांगा.

दोन वर्षांत राष्ट्रीय, हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. लहान गटात राष्ट्रीयला नेणं तितकं अवघड नसतंच. लवकर वाढलेली मुलगी घ्यायची, तिच्यावर मोठ्यांचा सराव लादायचा, पदक येतं, अकादमीच्या फलकावर फोटो लागतो. सतराव्या वर्षी तीच मुलगी नडगीच्या हाडाला चीर पाडून घरी असते, आणि फलकावर दुसऱ्या कोणाचा फोटो असतो. धावण्यात घाई करायचं कारणच नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. तिथल्या क्रॉस कंट्रीच्या स्पर्धांतून तो पुढे आला आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळला तो विशीनंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेतलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जिम्नॅस्टिक्सची गोष्ट वेगळी, तिथे लहानपणीच सुरुवात लागते. मल्लखांबातही अंग लवकर वळवावं लागतं. धावण्याला आणि खो-खोला ती निकड नाही.

आणि खो-खो म्हणजे नुसतं धावणं, हा त्या कोचसाहेबांचा समज असेल तर मला त्यांच्या नजरेबद्दलही शंका आहे. पाठलाग करणारीला मध्यरेषा ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरता येत नाही. म्हणजे पाच-सात पावलांत तिला ठरवावं लागतं की पुढची कुठे हुलकावणी देईल, आपण पळत राहावं की खो द्यावा, आणि द्यायचा तर कोणाला. पळणारी त्याच वेळी बसलेल्यांमधून नागमोडी, म्हणजे साखळीने, पळायचं की दोघी-तिघींभोवती गोल धरायचा हे ठरवत असते. धावता धावता डोकं चालवायचं हे शिक्षण सरळ रेषेत धावणाऱ्या मुलीला कुठे मिळतं? तिचा वेग, वळण, सुटण्याची झेप, हे सगळं उद्या धावण्यात, कबड्डीत, हॉकीत, कुठेही उपयोगी पडेल. उलट बाराव्या वर्षी एकाच शर्यतीला जुंपलेल्या मुलीला परत खो-खोत आणणं अवघड. हवं तर शालेय मैदानी स्पर्धेत तिला शंभर-दोनशे मीटरला उतरवा, खो-खो चालू ठेवून. आवडलं तर कळेलच.

निवासी शिक्षण वाईटच असतं असं मात्र समजू नका. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथे चाचण्या घेऊन मुलं निवडतात आणि निवडलेल्यांचा खर्च सरकार करतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे अशाच प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, कांस्यपदक घेऊन आला. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या मुलांनाही शिष्यवृत्ती मिळते, त्यात महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाचे असतात. हे दरवाजे गुणांवर उघडतात. तुमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन कोणत्या खेळाच्या चाचण्या केव्हा आहेत हे विचारा. तुम्ही स्वतः जा, दुसऱ्याकडून निरोप आणू नका. मुलगी खरंच तितकी चांगली असेल तर तिला पैसे देऊन घ्यायला लोक येतील. जो तिच्याकडून पैसे मागतो त्याला ती चांगली आहे की नाही याची तेवढी काळजी नसते.

उद्या कधी पाठवायची वेळ आलीच, तर आधी न कळवता एका साध्या वारी तिथे जा. स्पर्धेच्या किंवा पालकसभेच्या दिवशी नको. मुली कुठे झोपतात, रात्री तिथे कोण बाई असते, संडासाला कडी आहे का, जेवण काय आहे, हे स्वतः बघा. शाळेत खरोखर पाठवतात की नाव घालून ठेवतात, हे त्या शाळेत जाऊन विचारा. किती मुली राष्ट्रीयला गेल्या हे ते आपणहून सांगतील. तुम्ही विचारा, गेल्या तीन वर्षांत किती मुली मधेच सोडून गेल्या आणि का, आणि त्यातल्या दोघींच्या आयांशी मला बोलू द्या. या प्रश्नावर जो रागावतो त्याच्याकडे मुलगी ठेवू नका. ‘पहिले सहा महिने फोन करायचा नाही, मुली हळव्या होतात’ असं सांगणाऱ्याकडे तर नकोच. बंद दाराआड एकट्या मुलीचं मालिश करणारा, रात्री मेसेज पाठवणारा, ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणणारा कोच कितीही पदकं आणत असला तरी तो पोलिसांकडे न्यायचा माणूस आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, मैदानही त्यातून सुटलेलं नाही. हे तिला आत्ताच, घरी असतानाच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. आणि वय. कोणी सुचवेल की जन्मदाखल्यात एक-दोन वर्षं कमी करून आणा, लहान गटात सहज पदक मिळेल. पुढे हाडांवरून वय ओळखायला मनगटाचा एक्स-रे काढला की ते उघडं पडतं, आणि खोटेपणाचा शिक्का मुलीवर बसतो, सुचवणाऱ्यावर नाही.

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न माझ्या सगळ्यांत जवळचा. या खेळाला पुढे काही आहे का?

तुम्ही हे धाराशिवातून विचारावं याची मला गंमत वाटली. सारिका काळे तुमचीच. भारतीय महिला संघाची माजी कर्णधार, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. २०२२ पासून अल्टिमेट खो-खो लीग टीव्हीवर दिसू लागली. तेव्हा ‘काही राहिलं नाही’ हे खोटं आहे.

पण मी तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही फसवणार नाही. त्याच विश्वचषकात आपल्या मुलींनी पहिला सामना दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८ ने जिंकला. टाळ्या वाजवल्या मी, पण असा निकाल म्हणजे समोरचे अजून शिकताहेत. खो-खो आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ नाही, ऑलिंपिक तर फार लांब. कबड्डी १९९० पासून आशियाई स्पर्धेत आहे आणि २०१४ पासून तिची लीग आहे, म्हणून तिथे पैसा दिसतो. तोही वरच्या थोड्यांनाच. खो-खोच्या लीगमध्ये मिळालेल्या पैशावर घर चालेल असं धरून कोणी हिशेब मांडू नये. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीस खेळाडू घेतात, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. हे सगळं खरं आहे आणि प्रमाणपत्रं जपून ठेवायला हवीत. पण आरक्षण असलं तरी पदासाठी शिक्षण लागतंच. म्हणून शाळा सोडवून खेळ, हा विचारच काढून टाका.

खेळ टिकेल की नाही हे लीगमध्ये ठरणार नाही असं माझं मत आहे. ते सातवी आणि आठवीच्या मध्ये ठरतं. तुमच्यासारख्या गावांत शाळा सातवीपर्यंत असते. पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर. संध्याकाळची एसटी सुटते तेव्हा सराव सुरू व्हायचा असतो. बारा-पंधरा मुलींचा तयार संघ एका जूनमध्ये चार शाळांत विखुरतो, घरचे म्हणतात अंधार पडतो, आणि संपलं. त्या मुली हरल्या नाहीत, दुखावल्या नाहीत, त्यांना बसायला पाटीच उरली नाही. राज्याच्या शिबिरात ज्या पोहोचतात त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. या विखुरलेल्या मुलींचा हिशेब कोणी ठेवत नाही. बऱ्याच शाळांत खेळाचे शिक्षक नाहीत, आहेत त्यांच्यावर बाकीची कामं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले गेले, तेव्हापासून तो मंडळांच्या आणि व्यायामशाळांच्या जिवावर वाढला. पुणे, मुंबई, ठाण्यात मंडळं आहेत, तिथे मुलगी शाळा बदलली तरी संध्याकाळी त्याच मैदानावर येते. गावात शाळा सुटली की मैदान सुटतं.

आणि मॅट. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, आपल्या मुली मातीवर शिकतात. पहिल्यांदा मॅटवर उतरल्या की वळताना पाय अडकतो, सूर मारताना कोपरं सोलतात, आणि पहिला डाव त्यातच जातो. मॅट गावोगावी येणार नाही हे मलाही कळतं. निदान तालुक्याला एक असावी आणि विभागाला जाणाऱ्या संघाला स्पर्धेआधी आठवडाभर तिच्यावर सराव मिळावा, एवढं अवघड नाही.

तुमच्या शाळेचे सर मला न भेटताच आवडले. आपला संघ मोडू नये असं त्यांना वाटतं, बरोबर. त्यात वाईट काय? चौथीपासून दोन्ही वेळा मैदानावर उभा राहणारा माणूस आणि एका सामन्यात उंची बघून आलेला माणूस, यांच्यात मुलीला कोण जास्त ओळखतं? यजमानांना हे तुम्ही विचारा. मात्र सरांनाही विचारा की आठवीनंतर काय. त्यांच्याकडे उत्तर नसेल तर दोघांनी मिळून शोधा. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब, याहून जास्त काही लागत नाही. ग्रामपंचायतीकडून जागा आणि संध्याकाळी दिवा मिळाला, आठवीत गेलेल्या पाच-सहा मुली सुट्टीच्या दिवशी आणि शनिवारी आल्या, तरी त्या खेळात राहतील. तुमची मुलगीही त्यांच्यातच राहील. जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्या शाळेबाहेरही होतात. किशोरी गटासाठी तिचं अजून वय आहे, नंतर अठराच्या आतला मुलींचा गट आहे. किशोरी गटातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सर्वोत्तम खेळाडूला इला पुरस्कार मिळतो आणि मुलींच्या गटात जानकी पुरस्कार, ही नावं तिला सांगा. बारा वर्षांच्या मुलीला ‘करिअर’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

अकादमीचा विचार नववी संपताना पुन्हा करा. तेव्हा तिची वाढ बरीचशी झालेली असेल, गुडघ्याचं काय ते कळलेलं असेल. ज्यांना तिच्या फीमधून काही मिळणार नाही अशा दोन जाणत्यांनी तिला खेळताना बघून पाठवा म्हटलं, आणि ती स्वतः जाते म्हणाली, तर पाठवा. आज ती ‘खो-खो सोडणार नाही’ म्हणते. पत्रात बाकी सगळ्यांची मतं तुम्ही कारणासकट लिहिलीत, तिचं नुसतं एका ओळीत. तिला कारण विचारलंत का? मैत्रिणी आहेत म्हणून असेल, सर आहेत म्हणून असेल. काहीही असलं तरी ते पुरेसं कारण आहे.

यजमानांवर रागावू नका. पतसंस्थेचं कर्ज काढून मुलीला खेळायला पाठवू म्हणणारा बाप आपल्याकडे अजून दुर्मीळच. त्यांच्या उत्साहाला वाट द्या. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या खेपा, प्रमाणपत्रांची फाइल, स्पर्धेला मुलींना नेणारी गाडी ठरवणं, हे त्यांच्याकडे द्या. एकच अट घाला. सामन्यानंतर घरी येताना मोटारसायकलवर तिचं काय चुकलं ते सांगायचं नाही. ते सांगायला सर आहेत.

शूज आत्ता घेऊ नका. मातीवर मॅटचे शूज घालून तळवा महिन्याभरात जातो, आणि या वयात पाऊल सहा महिन्यांत एक नंबर वाढू शकतं. विभागाच्या पुढे निवड झाली तर स्पर्धेआधी तीन आठवडे घ्या, म्हणजे पायाला बसायला वेळ मिळेल. घेताना संध्याकाळी जा, सरावानंतर पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घालून दोन्ही पाय मापा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, त्याहून जास्त नको. ‘वाढता पाय’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर खांबापाशी वळताना पाय आतल्या आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. संघातल्या मोठ्या मुलींचे लहान झालेले जोडे सरांनी शाळेत जमा करून ठेवले तर नवे घ्यायची वेळही येणार नाही. फक्त तळवा गुळगुळीत झालेला जोडा कोणाला देऊ नका.